छत्तीस नंबरचा पत्ता

ऑपरेशननंतर रेबेका पहिल्यांदाच रोह्याहून पेणला, कुंदाच्या ओटीवर मैत्रिणींसोबत पत्ते खेळायला आली. पापडाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून हे पत्ते त्यांनीच केलेले. काहींवर प्रश्न, काहींवर चावट उत्तरं. जिचं उत्तर सगळ्यांत वाह्यात, ती जिंकली. कुंदानं प्रश्न वाचला, “रोहा स्टेशनात बेवारस काय सापडलं?” रेबेकाला लगेच स्वतःच लिहिलेला पत्ता आठवला: ‘रेबेकाची छत्तीस नंबरची ब्रा’. तिनं सगळ्यांच्या हातांत डोकावून पाहिलं, गठ्ठाही चाळला; तो कुठंच नव्हता. “माझा छत्तीसवाला कुठाय गो?” “तुला वाईट वाटंल म्हणून काढला,” कुंदा पुटपुटली. “छाती एकच कापलीय, जीभ शाबूत हाय. दे इकडं!” कुंदानं मांडीखालून पत्ता काढला. रेबेकानं पेन मागितलं, ‘छत्तीस’ खोडून ‘अठरा’ लिहिलं आणि पत्ता तिच्यापुढं आपटला. “वाच गो आता, मोठ्यानं. पार नाक्यापर्यंत ऐकू जाऊ दे!”