हातानं फिरवायची लेन्स

लोकांच्या लग्नांचे फोटो काढणारा तिचा नवरा सकाळपासून तिच्याकडेच टक लावून बघत होता, तेव्हा तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एरवी तिचा फोटो म्हणजे येता-जाता एक खटका, की झालं. आज मात्र तिला खिडकीशी स्टुलावर बसवून हा माणूस कॅमेऱ्यामागून हलायलाच तयार नव्हता.

"केस पिकल्यावर बरी आठवण झाली बायकोची! काय लपवताय?"

"काही नाही गं. जुनी लेन्स मिळालीय, आपल्या वयाची. अडॅप्टर लावून नव्या कॅमेऱ्यावर चढवली. नव्या लेन्सला माणसाचा डोळा आपोआप सापडतो. हिची रिंग फिरवून, फोकस जुळवत तो आपणच शोधावा लागतो."

तिला हे कारण काही पटलं नाही. तिच्या बहिणीनं सांगूनच ठेवलं होतं, की नवरा अचानक प्रेमानं बघायला लागला, तर आधी त्याचे खिसे बघावेत.

तो स्क्रीनवर तिचा डोळा मोठा करून रिंग हळूहळू फिरवत राहिला. मग एकदम थांबला. कॅमेरा खाली करून त्यानं जवळ येऊन तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पार उतरला होता. आता हा कबूल करणार, म्हणून ती सावरून बसली.

"तुझ्या डाव्या डोळ्यात हा तीळ कधी आला गं?"

"जन्मापासून आहे," ती म्हणाली. "सासूबाईंनी पहिल्याच भेटीत हेरला होता."