पडद्यामागचा आरसा

बिशपांनी चौकशीला पाठवलेले फादर भर दुपारी शिंपीणबाईंच्या दुकानात पोहोचले. कपडे घालून बघायच्या खोलीतल्या आरशात मरियामाता दिसते, असं बाई सांगत होत्या, आणि बघ्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती.

"हे खरं निघालं, तरी त्यावर विश्वास ठेवायची कुणाला सक्ती नसते, बाई," फादर म्हणाले. "चर्चला अशा बाबतीत घाई नाही. ती काही बोलते का?"

"एक शब्द नाही. नुसती उभी राहते. रांग लावा असं मी कुठे म्हटलं? माझ्या कामाचा खोळंबा झालाय. तुम्हीच काय तो सोक्षमोक्ष लावा."

फादरांनी आजवर असे बरेच दावे निकालात काढले होते. कुठे भिंतीची ओल निघाली होती, कुठे काचेवरचा उजेड. ते उत्सुकतेने पडद्याआड गेले. त्यांनी आरसा पुसला, खिडकी झाकली, चारही कोपऱ्यांतून पाहिलं. आरशात त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. त्यांना हायसं वाटलं, आणि का कोण जाणे, थोडं वाईटही वाटलं.

सवयीने त्यांनी गुडघे टेकले, डोळे मिटून 'नमो मरिया' ही प्रार्थना म्हटली आणि ते उठले.

आरशातले फादर उठले नव्हते.

ते तसेच गुडघ्यांवर होते आणि त्यांचे ओठ हलत होते. फादरांनी हात वर करून पाहिला. तिकडचे हात जोडलेलेच राहिले.

"दिसलं का काही?" बाहेरून बाईंनी विचारलं.

आरशातल्या माणसाने हळूहळू मान वर केली. त्याची नजर फादरांच्या खांद्यावरून मागे गेली, आणि त्याचे डोळे पाण्याने भरून आले.