या रानात गवा नव्हता

पहारीचा तिसरा घाव बसला आणि दगड मधोमध फुटला.

“अजून बारीक कर,” अनुसूयाबाई म्हणाल्या. “खडी कर त्याची आणि गोठ्यात पसरून टाक.”

गुरुराजने घाम पुसला. “आई, चार पिढ्यांचा दगड आहे गं.”

“म्हणूनच सांगते. फोड.”

रानाच्या कडेला, ओढ्याच्या उतारावर तो दगड होता. परातीएवढा, गुळगुळीत, मध्ये खोलगट. तो खळगा कुणा पाथरवटाने पाडला नव्हता. संक्रांतीला बैलांची शिंगं रंगवून झाली, की मडकंभर खडे मीठ त्या दगडावर रितं करायचं, हा त्यांच्या घरचा रिवाज. रानातल्यांचा वाटा म्हणायचे त्याला. ते मीठ चाटून चाटून गव्यांच्या जिभांनीच दगड झिजला होता. अनुसूयाबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षी त्यांनी स्वतः पाहिलं होतं. सकाळचं धुकं, आणि धुक्यात काळाभोर गवा. चारही पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. त्याने मान वर करून या नव्या नवरीकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मीठ चाटायला लागला. पुढे काही गवे साहेबलोकांच्या बंदुकांनी गेले, उरलेले गुरांच्या साथीत. मीठ मात्र दर संक्रांतीला पडत राहिलं.

आता सरकार लांबच्या जंगलातून गवे लॉरीत घालून आणणार होतं म्हणे. पूर्वी जिथे गवे होते, तिथेच सोडणार. चौकशीला बंगळूरहून जंगलखात्याचा साहेब येतोय, अशी वर्दी गावच्या पटेलांनी दिली आणि गावाने त्याचा अर्थ लावला. गवे आले की रान बंद. रान बंद म्हणजे चराई बंद. गावातली पन्नास घरं दुधावर जगत होती. पहाटे सायकलींना कॅन लटकवून दूध बंगळूरच्या हॉटेलांत जायचं. गुरं चारायची कुठे? पलीकडच्या गावात जंगलखात्याने रोपं लावली, तेव्हा तिथली निम्मी गुरं कोंडवाड्यात गेली होती. म्हणून ठरलं, साहेबापुढे एकानेही गव्याचं नाव काढायचं नाही. बोलायचं अनुसूयाबाईंनी. वयाने त्या सगळ्यांत मोठ्या. त्यातून घर शानभोगांचं, गावाचं दप्तर सांभाळणारं. त्यांचा शब्द म्हणजे कागद.

दुपारी जीप आली. जयतीर्थ नावाचा तिशीतला साहेब ओट्यावर टेकला. कॉफी प्यायला आणि कानडीत विचारू लागला.

“अज्जी, या रानात कधी गवे होते?”

“नाही.” अनुसूयाबाईंनीही कानडीतच उत्तर दिलं.

“सासूबाईंच्या तोंडून काही ऐकलंत?”

“त्या रामनाम घ्यायच्या. गव्याचं नाव कशाला घेतील?”

“घरात एखादं शिंग, कातडं?”

“ब्राह्मणाच्या घरी कातडं शोधता होय, साहेब? देवघर दाखवू का?”

साहेब हसला, पण त्याची नजर गुरुराजच्या हातांवर गेली. “हाताला फोड कसले, अण्णा?”

“गोठ्यात खडी घातली सकाळी.”

“बरं.” त्याने ते लिहून घेतलं की काय, ते अनुसूयाबाईंना दिसेना. हा माणूस गोड बोलून रान काढून घेणार, अशी त्यांची खात्रीच झाली. जबाबाखाली त्यांनी कानडीत नव्हे, मराठी बाळबोध अक्षरांत ठसठशीत सही केली. साहेबाने ती जरा जास्तच वेळ निरखली.

“सरी, ठीक आहे,” पेनाला टोपण लावत तो म्हणाला. “प्रश्न मिटला. गवे नव्हते, तर हे रान आमच्या यादीत बसत नाही. कारखान्यासाठी या जमिनीची मागणी आहेच. पुढच्या महिन्यात झाडं तोडायला घेतील.”

“आणि आमची गुरं?” अनुसूयाबाईंनी विचारलं.

“कारखान्याच्या कुंपणाबाहेर.”

“आणि गवे असते तर?”

“वरचा डोंगर गव्यांना दिला असता. ओढ्याच्या अलीकडे तुमची चराई तशीच राहिली असती. तसा हुकूमच आहे.”

“मग हे आधी का नाही सांगितलंत?”

“आधी सांगितलं की सगळेच हो म्हणतात, अज्जी.”

अनुसूयाबाई गुरुराजकडे वळल्या आणि मराठीत बोलल्या. परक्या माणसासमोर घरचं बोलायचं झालं, की त्यांच्या घरात असंच चालायचं. भाजीवालीसमोर, पोलिसासमोर, बंगळूरच्या पेठेतल्या कापडवाल्यासमोर. तीनशे वर्षं कानडी मुलखात ही भाषा त्यांना पडद्यासारखी उपयोगी पडली होती.

“गुरू, आता गवे होते म्हणून सांग. मी नाही म्हणून बसले, तू हो म्हण. लहानपणी डोळ्यांनी पाहिले म्हण. तुझं खरं वाटेल. नाहीतर रान गेलं बघ.”

गुरुराजने एकही गवा पाहिला नव्हता. तो चाचरला. “साहेब, तो मिठाचा दगड...” एवढं म्हणून त्याने गोठ्यातल्या खडीकडे पाहिलं.

जयतीर्थाने फायलीची नाडी बांधली. पायरीवर बसून बुटात पाय घातले. मग मान वर न करता तो स्वच्छ मराठीत म्हणाला, “आमच्या बंगळूरात, मल्लेश्वरमच्या घरीही परक्यांसमोर असंच बोलतात, आजी.”

अनुसूयाबाई पायरीपर्यंत पुढे आल्या. “लेकरा, मी पाहिलाय रे. देवाशपथ पाहिलाय.”

“या महिन्यातलं हे चौथं गाव,” तो उठत म्हणाला. “आधी कुणाच्या पणजोबानेही गवा पाहिलेला नसतो. कारखान्याचं नाव काढलं की घराघरातून निघतो.”