चौथं गाणं

"हा भोंगा कुठला रे?" ताईने डाव्या हाताने हेडफोन कानावरून खाली ओढला. उजवा हात अजून पुरता वर जात नव्हता.

खडू हसला. रॅप करणाऱ्या मंडळींत तो याच नावाने ओळखला जाई. "तुझ्याच खोलीमागच्या कारखान्याचा. तुझं बोलणं रेकॉर्ड केलं तेव्हा खिडकी उघडी होती ना, त्यातून आला. इतका आवडला की अख्खा ठेका त्याच्यावर बसवलाय."

शिंप्याच्या दुकानाखालची ती खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. दोन वर्षं एकट्याने खपून त्याने इथे नऊ गाणी केली होती. लिहिली त्याने, म्हटली त्याने, वाजवलीही त्यानेच. आज संध्याकाळी पाचला त्याचा पहिला एकट्याचा अल्बम बाहेर पडणार होता. आता सव्वाचार झाले होते.

"माझा आवाज ओळखू येणार नाही म्हणालास."

"नाहीच येणार. आईलासुद्धा नाही. एवढा जाड केलाय."

"आणि भोंगा?"

"तो कशाला बदलायचा? भोंगा कोण ओळखतंय?"

"बारा वर्षं मालाच्या गाडीवर काढलेला माणूस ओळखतो," ताई म्हणाली. "कारखान्यांच्या दारात उभा राहून आयुष्य गेलंय त्याचं. दोन लांब, एक आखूड आणि शेवटी चिरकतो. असा भोंगा किती ठिकाणी असेल?"

"दाजी कशाला माझी गाणी ऐकतील?"

"तुला पहिला माइक कोणी घेऊन दिला होता?"

नवऱ्याचं घर सोडल्यापासून आठ महिने ताई कुठे राहते हे फक्त खडूला आणि आईला ठाऊक होतं. त्याने घाईघाईने अल्बम बाहेर काढणाऱ्या कंपनीला लिहिलं, चौथं गाणं मागे घ्या. उत्तर लगेच आलं. विनंती मिळाली आहे, दोन दिवस लागतील. फोन कोणी उचलेना.

ताईने पिशवी खांद्याला लावली. "आई एकटी आहे माझ्या खोलीवर. दार वाजलं की उघडते ती."

ती जिना चढून गेली. बसने पाऊण तासाची वाट. खडूने आईला फोन लावला.

"आई, कडी लाव. ताई येईपर्यंत कोणालाही दार उघडू नकोस."

"बरं. आज तुझं ते गाण्यांचं आहे ना? काही खाल्लंस का?"

"आई, कडी!"

"अरे, उठू तर देशील! माझे गुडघे काय तुझ्या ठेक्यावर चालतात?"

पाच वाजता नऊ गाणी पडद्यावर एकाखाली एक उमटली. प्रत्येकापुढे शून्य. त्याची गाणी ऐकणारी पोरं सातला कामावरून सुटत. तोवर कोणी ऐकणार नाही, असं तो स्वतःला सांगत राहिला.

दोन मिनिटांनी पहिल्या गाण्यापुढे एक आला. कोण ऐकतंय ते दिसत नसे, फक्त आकडा दिसे. काही वेळाने दुसऱ्यापुढे एक आला, मग तिसऱ्यापुढे.

त्याने ताईला फोन केला. "पोचलीस?"

"नाही रे. बस पुलावर अडकलीय. का?"

"काही नाही. सहज."

चौथ्यापुढे एक आला.

खडू पडद्याजवळ सरकला. चार मिनिटांचं गाणं. संपलं की माणूस पाचव्यावर जाईल. "जा बाबा पुढे," तो पुटपुटला. "पाचवं चांगलं झालंय."

पाचव्यापुढचं शून्य हललं नाही. चौथ्यापुढे दोन झाले. थोड्या वेळाने तीन.