खांद्याचं माप

काटा सव्विसावर जाऊन थांबला. मयुराने कवचाचे तिन्ही तुकडे खाली उतरवले, काटा शून्यावर आणला आणि तुकडे पुन्हा चढवले. सव्वीस म्हणजे सव्वीसच. काटा भंगारातून आणलेला होता खरा, पण सहा किलोंची थाप मारण्याइतका बेइमान नव्हता.

तिने वीस किलो मागितले होते. तिने आणि तिच्या तीन मित्रांनी दीड वर्ष खपून जुन्या मोटरसायकलच्या इंजिनावर शर्यतीची गाडी उभी केली होती. सांगाडा झाला, चाकं झाली. राहिलं होतं ते वरचं कवच, वारा कापणारं आणि हलकं. रविवारी कुहीच्या बाजूला हौशी गाड्यांची शर्यत होती आणि नियम सरळ होता: गाडी तीनशे किलोंच्या वर गेली की बाद. बाकीची गाडी दोनशे ऐंशी भरत होती. आणि आज गुरुवार होता.

"बाबा, तुम्ही शेवटी पुतळाच केला!" ती ओरडली. "हिले कोण हार घालून राहिलं?"

तिचे बाबा धम्मानंद शेडच्या दारात बसून ब्रश धूत होते. कळमेश्वरच्या रस्त्यावरच्या या पत्र्याच्या शेडमध्ये तीस वर्षं ते फायबरच्या बुद्धमूर्ती आणि पुतळे घडवत आले होते. साच्यात फायबरची मॅट अंथरायची, तिच्यावर रेझिन चोपडायचं, की झाला एक थर. पुतळ्याच्या खांद्यांना मात्र ते नेहमी एक थर जास्त देत. जयंतीला हार घालायला पोरं शिडी लावून चढतात आणि खुशाल खांद्याला लोंबकळतात ना! त्यांचा एकही पुतळा आजवर खांद्यात तडकला नव्हता. हे ते आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी ऐकवत.

आता मात्र ते ब्रशच धूत राहिले.

तिने चरफडत नाकाचा तुकडा उचलला आणि उन्हात नेला. ही युक्ती तिला बाबांनीच शिकवली होती. रंग न दिलेलं कवच उन्हासमोर धरायचं. पातळ जागेतून ऊन पाझरतं, जाड जागा काळपट दिसते. नाक मधासारखं चमकलं, सगळीकडे सारखं. शेपटीचंही तेच. मग तिने मधला तुकडा धरला.

जिथे चालवणारा बसतो तेवढाच भाग काळा होता. दोन्ही खांद्यांशी आणि डोक्याच्या मागे. बाकी कुठे बोटभरही डाग नव्हता. तिने तिथल्या कापलेल्या कडेवर नख फिरवून थर मोजले. पाच. तीन तिने सांगितलेले आणि वर दोन. हाताच्या सवयीने पडला असता तर एक पडला असता.

मयुराने तुकडा हळूच खाली टेकवला. तिने बाबांना एक खोटं सांगून ठेवलं होतं: गाडी मीच चालवणार. परक्या पोरासाठी बाबा हातातलं पुतळ्याचं काम कशाला बाजूला ठेवतील, असा तिचा हिशेब होता. चालवणार होता त्या तीन मित्रांतला ऋषिकेश, प्रताप नगरातला, अबोल आणि ताडमाड. तो एकदाच शेडमध्ये आला होता. "बाप काय करते गा तुहा?" बाबांनी विचारलं होतं. "नाहीत काका. मी चौथीत होतो तेव्हाच गेले," तो म्हणाला होता. बाबांनी नुसतं "हं" केलं आणि ते रेझिन ढवळत राहिले. तिला तेव्हा त्यांचा रागच आला होता.

आणि आता हा माणूस लेकीच्या काळजीने रात्रंदिवस थरावर थर देत बसला होता! ती लेक गाडीत बसणारसुद्धा नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली.

"बाबा," ती म्हणाली, "मी खोटं बोलली. गाडी मी नाही, ऋषिकेश चालवणार आहे. तुम्ही उगाच माह्यासाठी..."

धम्मानंदांनी ब्रश झटकला आणि ते शांतपणे उठून जवळ आले. मधल्या तुकड्याच्या काळ्या भागावरून त्यांनी तळवा फिरवला.

"तीस वर्षं झाले, खांदेच घडवून राहिलो मी. तू नक्शा देल्ला, त्यातलं माप तुह्या खांद्याचं नाही, हे मले त्याच दिवशी समजलं. तो पोरगा शेडात आला, तं कोणाचं तेही दिसलं."

मयुराने काट्याकडे पाहिलं.

"नाक आन् शेपूट नव्यानं काढून देतो," ते पुढे म्हणाले. "दोन-दोन थरात. आतून बांबूच्या कमच्या टाकतो, म्हणजे वाऱ्यानं दबणार नाही. शनिवारी सकाळी वीस किलो मोजून घेजो. पण या मधल्या तुकड्याले कोणी हात लावायचा नाही."

ते साच्याकडे वळलेसुद्धा. बाह्या वर सारून त्यांनी मॅटचा गुंडाळा उलगडायला घेतला. मयुरा कात्री घेऊन त्यांच्या शेजारी बसली. हायसं वाटत होतं, तरी एक गोष्ट तिला काही केल्या उमगत नव्हती.

"पण बाबा, पुतळ्याले तं तुम्ही एकच थर जास्त देता. मंग याले दोन काहून?"

"तू बसणार असती, तरी एकच देल्ला असता," धम्मानंद मॅटवरची नजर न काढता म्हणाले. "त्याले बाप नाही नं वं."