तांदळातलं नाव

“पासपोर्टवर आसावरी, लग्नाच्या दाखल्यावर मुग्धा. मग तुमची बायको यातली कोण?” म्युनिकच्या व्हिसा कचेरीतल्या बाईंनी श्रीरंगला विचारलं.

“दोन्ही हीच. लग्नात नाव बदललं.”

“कुणी?”

“मी. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायची रीत आहे आमच्याकडे.”

“यांना विचारलं होतं?”

श्रीरंगचे कान लाल झाले. शेजारी बसलेली ती खिडकीबाहेर बघत राहिली.

“दोघी एकच आहेत असं शपथपत्र आणा. पुढे कुठलं नाव ठेवणार, तेही त्यात लिहा. त्याशिवाय यांना मुदतवाढ नाही.”

घरी आल्यावर तिनं भातासाठी तांदूळ काढले, तर त्यानं ते ताटात पसरले आणि बोटातली अंगठी काढून तिच्यापुढे धरली.

“या वेळी तू लिही. लिहिशील तेच शपथपत्रात.”

तिनं सावकाश लिहिलं, ‘आसावरी’. आईनं ठेवलेलं नाव.

“आता हाक मार बघू.”

“आसावरी...” अनोळखी मुलीला पहिल्यांदा हाक मारावी तसा तो चाचरला.

लग्नानंतर पहिल्यांदाच, त्या नावाला या घरात कुणीतरी ओ दिली.