बेरीचा रस्सा

“आता बेरी टाक. मूठभर. आणि झाकण ठेवू नकोस,” फोनमधून मुलगा म्हणाला.

आईने बटाट्याच्या रश्शात लालभडक सुकी बेरी टाकली. फोन मिठाच्या बरणीला टेकवलेला होता. मुलगा समुद्रापार एका हॉटेलात आचारी. तिकडूनच दर महिन्याला बेरीचा डबा येई. आईची साखर वाढलेली, गोड बंद. म्हणून तो दर रविवारी तिखटमिठाचा नवा प्रकार शिकवी. वांग्यात बेरी झाली, भातात झाली, हिरव्या मिरचीच्या चटणीतही झाली. आता चहा तेवढा उरलाय, असं शेजारच्या बाई म्हणत.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. अर्ध्या गल्लीचं शुद्धलेखन त्यांनी सुधारलेलं, या मुलाचंही. चुकीचा शब्द दिसला की अजून त्यांचा हात लाल पेन शोधे. रविवारी त्या इथेच जेवत आणि पानात पडेल ते मुकाट्याने गोड मानून घेत. पण गेल्या रविवारी आईने त्यांना एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून त्यांच्या जिवाला चैन नव्हतं.

वर्षापूर्वी आई फोनवर सहज बोलून गेली होती, बेरी खाऊन किती दिवस झाले रे. तिच्या मनात होती तुपाची बेरी. लोणी कढवलं की भांड्याच्या बुडाशी राहते ती, खरपूस. लहानपणी हाच मुलगा ते पातेलं मांडीत घेऊन बसे. एकटीपुरतं तूप कोण कढवतं, म्हणून आठवण निघाली, एवढंच. पंधरा दिवसांत परदेशी फळांचा डबा दारात हजर.

मग खरं सांगत का नाही, असं बाईंनी विचारलं होतं. आई म्हणाली, सांगितलं तर बिचारा ओशाळेल. डबे थांबतील. फोन पुन्हा ‘जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवतो’ एवढ्यावर येईल. त्या फळांनी तिचे दात आंबत. पण रविवार सोडला तर या घरात बोलणारा फक्त कुकर होता.

रश्शाला उकळी आली. आई कोथिंबीर खुडायला गॅलरीत गेली आणि बाईंना राहवलं नाही. त्यांनी फोन जवळ ओढला आणि दबक्या आवाजात सगळं सांगून टाकलं. चूक कोणती, बेरी कोणती, आईचे दात कसे आंबतात, सगळं.

पोर दुखावलं असणार, असं वाटून बाईंनी जीभ चावली.

“बाई, पहिला डबा पाठवतानाच मला ठाऊक होतं,” तो हळूच म्हणाला. “आईला सांगू नका. ती बेरी घटकेत खरवडून संपते. ही आम्हा दोघांना रविवारभर पुरते.”